तिकिटं त्याला काढू दे, आणि रविवारची दुपार तुझी तू ठेव

पत्र थोडक्यात असं आहे: पुण्यातली एक मैत्रीण, वय ३१, नवरा ३३, लग्नाला चार वर्षं झालीत, दोघांच्याही नोकऱ्या, सासूबाई सोबत राहतात. २०२६ च्या जानेवारीत शनिवार-रविवारला जोडून सोमवारी २६ तारीख येतेय, तर तीन दिवस दोघांनीच कुठल्यातरी शहरात जाऊन यावं अशी तिची इच्छा आहे. बजेट सगळं धरून पस्तीस हजार. अडचण अशी की दर वेळी प्लॅनिंग तीच करते, नवरा म्हणतो "तू ठरव, मला काहीही चालेल", आणि मग तिकडे गेल्यावर तोंड पाडून फिरतो. मागच्या वर्षी जयपूरला तीन दिवसांत अकरा ठिकाणं ठरवली होती, दुसऱ्या रात्री हॉटेलात जोरदार भांडण झालं, तिसऱ्या दिवशी तो खोलीतून बाहेरच पडला नाही आणि ती एकटीच अल्बर्ट हॉल म्युझियम बघून आली. यंदा तिला हैदराबाद बघायचंय, पण तो मूळचा नांदेडचा, त्याचं म्हणणं "हैदराबादेत काय बघायचं, दहा वेळा गेलोय, आजोबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला, आत्याच्या लग्नाच्या खरेदीला." सासूबाई विषय निघाला की गप्प होतात. तर कुठलं शहर निवडू, की जाऊच नको, की सरळ मैत्रिणीबरोबर जाऊ, असं तिनं विचारलंय.

अगं, शहराचं नंतर बघू. तुझ्या पत्रात एक ओळ आहे जी तू घाईघाईत लिहून पुढे गेलीस, आणि मी तिथेच थांबले. तू लिहिलंयस की अल्बर्ट हॉलमध्ये ती इजिप्तची ममी ठेवलीय तिच्यासमोर तू अर्धा तास उभी होतीस, कोणी घाई करत नव्हतं, सगळे बोर्ड शांतपणे वाचले, आणि "खरं सांगायचं तर पूर्ण ट्रिपमध्ये तेवढाच वेळ मला मजा आली, पण नंतर फार वाईट वाटलं की नवऱ्याला सोडून मी एकटी मजा करतेय." मला वाटतं तुझ्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर इथून सुरू होतं. तू असं धरून चाललीयस की नवराबायको फिरायला गेले की सकाळच्या चहापासून रात्री दिवा बंद होईपर्यंत एकत्रच असले पाहिजेत, दोघांना एकाच वेळी एकाच गोष्टीत रस वाटला पाहिजे, आणि तसं झालं नाही तर ट्रिप फसली आणि कुठेतरी लग्नातही काहीतरी बिनसलंय. इतकं ओझं दोन रात्रींच्या सहलीवर टाकू नकोस गं. घरी तरी तुम्ही असे चोवीस तास चिकटून असता का? तो मॅच बघतो, तू फोनवर बहिणीशी बोलतेस, जेवायला एकत्र बसता. मग परगावी गेल्यावर हे नैसर्गिक अंतर एकदम गुन्हा कसा होतो?

आता जयपूरकडे बघ. तू पहिल्या दिवसाचं शेड्यूल पाठवलंयस म्हणून सांगते, सकाळी साडेसातला आमेर, तिथून जयगड, मग नाहरगड, दुपारी सिटी पॅलेस, जंतरमंतर, हवामहल, आणि रात्री जेवायला चोखी ढाणी. आमेर शहराच्या उत्तरेला, चोखी ढाणी पार दक्षिणेला टोंक रोडवर, म्हणजे अख्खं जयपूर तुम्ही उभं आडवं कापलंत, तीन किल्ले चढून उतरून. यात भांडण झालं नसतं तरच नवल. त्यामुळे तो आळशी आहे किंवा त्याला तुझ्याबरोबर फिरायला आवडत नाही असा निष्कर्ष मला या पुराव्यावर काढता येत नाही, दमलेला माणूस आणि नाराज माणूस वरून अगदी सारखेच दिसतात.

पण त्याला मी असं सोडणारही नाही. "तू ठरव" म्हणणं ऐकायला फार उदार वाटतं, प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की हॉटेलांचे रिव्ह्यू तू वाचायचे, तिकिटांचे भाव तू बघत बसायचं, आधारकार्ड, चार्जर, गोळ्या तू लक्षात ठेवायच्या, आणि हॉटेल खराब निघालं तर दोषही तुझाच. हे काम आहे, आणि बऱ्याच घरांत ते बिनबोभाट बायकोच्या नावावर चढतं. फक्त एक तपासून बघ, तू त्याला विचारतेस कधी? तूच लिहिलंयस की तीन हॉटेलं शॉर्टलिस्ट करून, दिवसांचं एक्सेल बनवून मग त्याला पाठवतेस आणि तो अंगठा टाकतो. त्या टप्प्यावर त्याला बोलण्यासारखं उरलेलंच काय असतं? एखाद्याला खरंच काही वाटत नसेल, पण एखादा असाही असतो की ज्याला वाटतं हिने एवढी मेहनत घेतलीय, आता मी कशाला मोडता घालू, आणि मग ती न बोललेली नापसंती तिकडे जाऊन चेहऱ्यावर उतरते. तुझा नवरा यातला कोण हे मला इथून कळणार नाही, तुला एका संध्याकाळी कळेल.

तर या वेळी एक्सेल उघडायच्या आधी त्याच्यापुढे बस आणि तीनच गोष्टी विचार. एक, या तीन दिवसांत तुला अशी कुठली गोष्ट करायचीय जी नाही झाली तर चुकल्यासारखं वाटेल. दोन, काय खायचंय. तीन, किती वेळ काहीच करायचं नाहीये. तिसरा प्रश्न विसरू नकोस, तो फार महत्त्वाचा आहे, आणि त्याचं उत्तर "सकाळी दहापर्यंत झोप" असं आलं तर ते प्लॅनमध्ये तितक्याच मानानं लिही जितक्या मानानं तू चारमिनार लिहितेस. तुझीही उत्तरं त्याला सांग. आणि तो पुन्हा "काहीही चालेल" म्हणाला तर रागावू नकोस, शांतपणे म्हण की ठीक आहे, मग मी माझ्या आवडीचं ठरवते पण तिकडे गेल्यावर तक्रार चालणार नाही, आणि तिकिटं, वेब चेक-इन, हॉटेलशी फोनवर बोलणं, कॅब हे सगळं तुझ्याकडे. मतं वाटून घेता आली नाहीत तरी कामं नक्की वाटून घेता येतात.

आता हैदराबाद. मला तुझी निवड मनापासून आवडली आणि ती इतक्या लवकर सोडू नकोस. "दहा वेळा गेलोय" हे तो खरंच बोलतोय, मराठवाड्यातल्या माणसांचं हैदराबादशी नातं आपल्या पुणेकरांना पटकन कळत नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड काय, परभणी काय, सगळं निजामाच्याच राज्यात होतं, राजधानीच ती, आणि आजही तिकडची माणसं मोठ्या दवाखान्याला किंवा बस्त्याला पुण्या-मुंबईऐवजी हैदराबादलाच जातात. पण त्यानं काय पाहिलंय ते तूच लिहिलंयस, ऑपरेशन आणि बस्ता. म्हणजे दवाखान्यातली बाकडी आणि साड्यांच्या दुकानात वडीलधाऱ्यांच्या मागे पिशव्या धरून उभं राहणं. स्वतःच्या मर्जीनं, स्वतःच्या पैशानं, बायकोबरोबर त्यानं ते शहर पाहिलंय का? हे त्याला विचार, वाद घालायला म्हणून नाही, खरंच ऐकायला म्हणून. "तुला लहानपणी तिकडचं काय आवडायचं?" एवढंच विचारून बघ. मी पैज लावून सांगते की नुमाईश हा शब्द निघेल, निदान कुठल्यातरी बिर्याणीचं नाव तरी निघेलच.

नुमाईश म्हणजे नामपल्लीच्या ग्राउंडवर भरणारं मोठं प्रदर्शन, १९३८ पासूनची परंपरा आहे, बहुतेक वर्षी १ जानेवारी ते १५ फेब्रुवारी असतं, म्हणजे तुमच्या तारखा बरोबर त्यात येतात. काश्मिरी शालींपासून लोणच्यांपर्यंत सगळ्या देशातले स्टॉल, पाळणे, खाणं, आणि संध्याकाळी अख्खं हैदराबाद पोराबाळांसकट तिथे. मेट्रोचं गांधी भवन स्टेशन अगदी जवळ आहे. सुट्टीच्या दिवशी गर्दी प्रचंड असते हे मात्र लक्षात ठेव, गर्दीनं जीव घुसमटत असेल तर संध्याकाळी लवकर जाऊन लवकर निघा.

दिवस कसे लावायचे ते सांगते, पण हे टाइमटेबल समजू नकोस, कुठे गर्दी करायची नाही हे कळावं म्हणून सांगतेय. शुक्रवारी रात्री पुण्याहून निघालात तर शनिवारी सकाळी पोचाल, रस्ता साडेपाचशे किलोमीटरच्या वर आहे, सोलापूरवरून. हॉटेलचं चेक-इन बहुतेक दुपारी बाराचं असतं, म्हणून आधीच फोन करून सकाळी खोली मिळेल का, नाहीतर निदान बॅगा ठेवून आंघोळ करता येईल का हे विचारून ठेवायचं, आणि हा फोन त्यानं करायचा. शनिवारी झोप, बिर्याणी, संध्याकाळी नुमाईश. बस. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी म्युझियम दाखवू नये.

रविवारची सकाळ जुन्या शहराची. उठवत असेल तर सात-साडेसातलाच चारमिनारला पोचा, नंतर पोचलात तर रिक्षा, बांगड्या, सेल्फी सगळं अंगावर येतं आणि इमारत दिसतच नाही. १५९१ ची आहे, मुहम्मद कुली कुतुबशहानं बांधलेली, पण तारखेपेक्षा मला तिच्या पायथ्याशी सकाळी मिळणारा इराणी चहा जास्त महत्त्वाचा वाटतो. तो चहा आपल्यासारखा सगळं एकत्र टाकून उकळत नाहीत, चहाचं पाणी वेगळं मुरवतात, दूध वेगळं आटवतात, आणि कपात आधी एक मग दुसरं ओततात. सोबत उस्मानिया बिस्किट घ्या, गोड आहे म्हणता म्हणता जिभेवर मीठ लागतं आणि तोंडात विरघळतं. उभ्यानेच प्यायचा, समोर चारमिनार, कबुतरं, हातगाडीवाले दुकान लावतायत. इथे अर्धा तास नुसता घालवा, काहीही "कव्हर" करू नका. लाड बाजार, म्हणजे तिथला बांगड्यांचा बाजार, उशिरा उघडतो, तोवर जवळच चौमहल्ला पॅलेस आहे, तिथे अंगण मोठं आहे, बसायला जागा आहे, आणि दरबार हॉलची झुंबरं बघण्यासारखीच आहेत. येताना लाखेच्या बांगड्या घे, तुझ्यासाठी आणि सासूबाईंसाठी.

आणि मग रविवारची दुपार तुझी. हे मी मुद्दाम वेगळं सांगतेय. तुला म्युझियम आवडतं, त्याला आवडत नाही, हे जयपूरला सिद्ध झालंय, तर सालारजंग तू एकटी बघ आणि तो खोलीवर झोपू दे. जुन्या शहरातून सालारजंग जवळच आहे, तो तुला सोडून पुढे जाईल. पाच वाजेपर्यंत उघडं असतं आणि अख्खं बघणं एका दुपारचं काम नव्हे, तू दोन-तीनच गोष्टी ठरवून जा. इटालियन शिल्पकार बेंझोनीनं १८७६ मध्ये घडवलेली ती बुरख्यातली रिबेका बघ, दगडाचा पदर इतका पातळ की आतला चेहरा दिसतो. आणि तासाचा ठोका पडायच्या दहा मिनिटं आधी घड्याळाच्या चौकात जाऊन बस, लोक आधीच जागा धरून बसलेले असतात, आया पोरांना पुढे ढकलत असतात, आणि बरोबर वेळेला त्या घड्याळातून एक दाढीवाला इवलासा माणूस बाहेर येतो, ठोके देतो आणि आत जातो. एवढंच होतं पण अख्खा चौक श्वास धरून बघतो. म्युझियमचा कंटाळा आला तर आबिद्सला जा, रविवारी तिथे फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो, तिथे तुझ्या पाठीशी घड्याळ बघत कोणी उभं नसेल. संध्याकाळी भेटाल तेव्हा तुझ्याकडे सांगायला काहीतरी असेल आणि तो झोप झालेला, ताजातवाना असेल. हे तुला एकत्र असण्यापेक्षा कमी वाटतं का? मला नाही वाटत. दिवसभर एकमेकांच्या शेजारून चालून रात्री बोलायला काही न उरणारी जोडपी मी खूप बघितलीत.

रविवारची रात्र त्याची. तो नेईल तिथे जायचं, जे मागवेल ते खायचं, आणि तुझ्या फोनवर रेटिंग बघायचं नाही.

सोमवारी गोळकोंडा, आणि तो शेवटी ठेवायचं कारण भूगोलाचं आहे. किल्ला शहराच्या पश्चिमेला आहे, विमानानं परतणार असाल तर बॅगा घेऊनच निघा, तिथून थेट शमशाबादच्या विमानतळावर जाता येतं, पुन्हा शहरात शिरायला नको. दाराशी घुमटाखाली टाळी वाजवली की वर बालाहिसारवर, म्हणजे किल्ल्याच्या माथ्यावर, ऐकू येते, तर एकानं खाली थांबायचं आणि एकानं वर जायचं, पायऱ्या साडेतीनशेच्या वर आहेत, कोण वर जाणार हे तुम्ही ठरवा. १६७७ मध्ये दक्षिणेच्या स्वारीवर निघालेले शिवाजी महाराज कुतुबशहाला भेटायला आले ते याच मुलखात, भागानगरला म्हणजे हैदराबादलाच, हे डोक्यात ठेवून वरून शहराकडे बघितलं तर वेगळंच वाटतं. जवळच कुतुबशाही मकबरे आहेत, पायात जीव असेल तर, नसेल तर राहू देत.

ज्यांची सुट्टी शुक्रवारला जोडून येते त्यांनी मात्र जपून. सालारजंग, चौमहल्ला, मकबरे हे शुक्रवारी बंद असतात. इतर शहरांत बरीच म्युझियमं सोमवारी बंद असतात. लाँग वीकेंडला जाणाऱ्या प्रत्येकानं हॉटेल बुक करण्याआधी हे बघावं, कारण जोडून सुट्टी बहुतेक शुक्रवारी किंवा सोमवारीच येते आणि नेमकं ज्यासाठी गेलो त्याच्या दाराला कुलूप असतं. राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशी तर फोन करूनच जायचं.

पैशाचं बोलू. पस्तीस हजारांत हे सगळं बसवायचं असेल तर जाताना रात्रीची गाडी किंवा स्लीपर बस आणि येताना विमान, असं एकच महाग तिकीट काढा. मंगळवारी ऑफिस आहे, सोमवारची रात्र बसमध्ये काढून सकाळी थेट लॅपटॉप उघडला की सुट्टीचं सगळं सुख तिथेच संपतं. हॉटेल हायटेक सिटीत घेऊ नका, ते कितीही चकचकीत असलं तरी चारमिनारपासून फार लांब आहे आणि तुमचे दोन तास रोज ट्रॅफिकमध्ये जातील. नामपल्ली, आबिद्स, लकडीकापूल या पट्ट्यात मेट्रोजवळ बघा. मेट्रो चारमिनारपर्यंत जात नाही, एमजीबीएसला (महात्मा गांधी बस स्टेशन) उतरून पुढे रिक्षा करावी लागते.

तुझी मैत्रीण म्हणते बँकॉकला जा, फोटो छान येतात. येतही असतील. पण तीन दिवसांत विमानतळावर किती तास जातात ते मोज आधी. दोन रात्रींच्या सहलीला घरापासून हॉटेलपर्यंत एका बाजूनं अर्ध्या दिवसापेक्षा जास्त लागत असेल आणि तो प्रवास झोपेतही होणार नसेल तर मी जाऊ नका म्हणेन. तिकिटं मिळाली नाहीत तर हट्ट करू नका, कोल्हापूर आहे, न्यू पॅलेस, रंकाळ्यावर संध्याकाळ, तांबडा-पांढरा, तिथेही हाच नियम लावा, एक सकाळ दोघांची, एक दुपार आपापली.

आता सासूबाई. त्या गप्प होतात यावरून तू ठरवून टाकलंस की त्यांना राग येतो. त्यांना एकटं राहायची भीती वाटत असेल, किंवा कुठेतरी जावंसं वाटत असेल, किंवा खरं तर काहीच नसेल आणि तुम्ही दोघं बोलत असताना मध्ये पडू नये म्हणून त्या गप्प बसत असतील. हे तू अंदाजानं सोडवायचं नाहीस, आणि विचारायचंही तू नाहीस. त्यांच्या मुलानं विचारायचं, तू खोलीत नसताना, "आई, आम्ही तीन दिवस जातोय, तू इथे राहशील की मावशीकडे जाशील, की मावशीला इथे बोलावू?" जाऊ का असं विचारायचं नाही, जातोय असं सांगून तुझी सोय काय करू हे विचारायचं. त्यांनाही घर तीन दिवस स्वतःचं मिळालेलं आवडू शकतं, आवडीची सिरियल, हवं तेव्हा जेवण. त्यांना खरंच फिरायचं असेल तर त्यांच्या सोबतची ट्रिप वेगळी करा आणि तिची तारीखही आत्ताच ठरवा, पण अपराधी वाटतं म्हणून त्यांना यात ओढू नका, त्यात त्यांचाही मान राहत नाही.

मैत्रिणीबरोबर जाऊ का, असं विचारलंयस. जा की, जरूर जा, तुझी आवड जिच्याशी जुळते तिच्याबरोबर म्युझियमं बघत फिरणं फार सुखाचं असतं. फक्त नवऱ्याला धडा शिकवायला म्हणून या तारखांना जाऊ नकोस. या वेळी त्याला विचारून बघ, आणि तीन प्रश्नांनंतरही तो खरंच म्हणाला की मला कुठेच जायचं नाहीये, घरीच बसायचंय, तर तेही एक उत्तर आहे, ते ऐक आणि मग मैत्रिणीला फोन लाव.

आणि हो, रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं चार महिने आधी नाही. २३ जानेवारीच्या गाडीसाठी ते २४ नोव्हेंबरला सकाळी आठ वाजता सुरू होईल, आणि लाँग वीकेंडची तिकिटं बघता बघता संपतात. आठला लॉगिन करून बसायचं काम त्याचं, तू फक्त आदल्या रात्री एकदाच आठवण कर.